न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर ज्ञातिबांधवाचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आमच्यासमोर प्रथम उभे राहिले ते न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव. गीतेचे इंग्रजी भाषांतरकार, मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू आणि राष्ट्रसभेच्या आरंभकाळचे एक पुढारी म्हणून त्यांची ओळख आपल्या घराघरांत आहे. परंतु ज्या व्यवसायात त्यांची बुद्धी खऱ्या अर्थाने कसास लागली, त्या वकिलीविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. हल्ली आपल्या कुटुंबांतील पुष्कळ मुले-मुली कायद्याच्या अभ्यासाकडे वळत आहेत. त्यांचे पालक आमच्यासारख्या जुन्या मास्तरांना विचारतात की, या धंद्यात ओळख नसलेल्या माणसाचा निभाव लागतो काय? तेलंगांचे चरित्र हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे, म्हणून ते वकिलीच्या अंगानेच सांगावे असे आम्ही ठरविले.

आम्ही कायदेपंडित नव्हे. प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आमचा जन्म गेला. तरीही आमच्या घराचा इतिहास एका दाव्याने घडविला आहे, आणि त्या दाव्याचा धागा तेलंगांच्या एका निकालपत्रापर्यंत जाऊन पोचतो. ती हकीकत पुढे ओघाने येईल.

काशिनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव बापू रामचंद्र तेलंग. चुलते त्र्यंबकराव यांना अपत्य नसल्यामुळे काशिनाथ त्यांच्या घरी दत्तक गेले व काशिनाथ त्र्यंबक झाले. दत्तविधानाच्या खटल्यांत पुढे ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, ते स्वतःच दत्तकपुत्र होते, हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. पाचव्या वर्षी त्यांना अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घातले आणि १८५९ साली, म्हणजे नवव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. तेथे त्यांना नारायण महादेव परमानंद यांच्यासारखा शिक्षक लाभला. हेच पुढे मामा परमानंद या नावाने सर्व महाराष्ट्रास परिचित झाले. अत्यंत तल्लख बुद्धीचा व करारी स्वभावाचा हा गृहस्थ. मुलांना पुस्तकापलीकडचे वाचायला लावणे आणि वाचलेल्यावर स्वतःचे मत बनवायला लावणे ही त्यांची रीत. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे निकटच्या मैत्रीत परिणत झाले. आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणाला असा शिष्य लाभतो आणि कोणाला लाभत नाही, हा नशिबाचा भाग असला तरी परमानंदांसारखी शाळा चालविणे आपल्या हाती असते, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

संस्कृतातील नैपुण्याबद्दल त्यांना भगवानदास शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात ते फेलो झाले, एम. ए. झाले, एलएल. बी. झाले. येथवर सर्व सरळ आहे. परंतु पुढची पायरी समजण्यासाठी त्या वेळच्या मुंबई हायकोर्टाची घडण वाचकांनी ध्यानात घेतली पाहिजे.

मुंबईचे हायकोर्ट १८६२ साली स्थापन झाले. पूर्वीचे सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत ही दोन वेगळ्या वळणांची न्यायालये एकत्र करून ते उभे केले होते. म्हणून एकाच छपराखाली दोन घरे नांदत होती. मुंबई शहरातील मोठे दावे जेथे प्रथमच दाखल होत, ती मूळ शाखा, म्हणजे ओरिजिनल साइड. रत्नागिरी, पुणे, सातारा, धारवाड, सुरत अशा जिल्ह्यांतून निकालात निघालेले दावे जेथे अपिलात येत, ती अपील शाखा, म्हणजे अपेलेट साइड. अपील शाखेत हिंदी वकील काम चालवीत. मूळ शाखेत मात्र त्यांना उभे राहण्याची मुभा नव्हती. तेथे विलायतेहून आलेले बॅरिस्टर बोलत, आणि त्यांना काम देणारे ते सॉलिसिटर. अशिलाने सॉलिसिटरकडे जावे, सॉलिसिटरने कागद तपासून ब्रीफ तयार करावी, ती पसंतीच्या बॅरिस्टरकडे धाडावी आणि मग बॅरिस्टरने न्यायाधीशासमोर उभे राहावे, अशी ती साखळी होती. बॅरिस्टराने अशिलाशी थेट व्यवहार करावयाचा नाही. त्या काळी सॉलिसिटरांच्या बड्या पेढ्या युरोपियनांच्या होत्या. तेव्हा नव्या हिंदी माणसाकडे पहिली ब्रीफ यावी तरी कोठून, हा खरा प्रश्न असे. सॉलिसिटरामार्फतच येण्याचे हे बंधन पुढे सुमारे शंभर वर्षे टिकले आणि १९७६ च्या कायद्याने दूर झाले.

या भिंतीला एक लहानसे दार होते. न्यायाधीशांनी घेतलेली कठीण परीक्षा जो उतरेल, त्याला विलायतेस न जाताही मूळ शाखेत ॲडव्होकेट म्हणून उभे राहता येत असे. या दाराने आत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ म्हणजे बाळ मंगेश वागळे. त्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून तेलंगांनी तोच मार्ग धरला. ते परीक्षा उतरले व १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांची सनद नोंदली गेली. हायकोर्टाची आजची दगडी इमारत तेव्हा बांधली जात होती. ती १८७८ च्या अखेरीस पुरी झाली. तोवर कोर्ट अपोलो स्ट्रीटवरील जुन्या वास्तूत भरत असे, आणि तेलंगांची उमेदवारी त्या जुन्या वास्तूत झाली.

बदरुद्दीन तय्यबजी १८६७ साली व फिरोजशहा मेहता १८६८ साली विलायतेत बॅरिस्टर होऊन परतले होते. हे दोघे आणि तेलंग पुढे मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील त्रिमूर्ती म्हणून गाजले. त्या तिघांत विलायतेचे पाणी न प्यालेले एकटे तेलंगच. तरीही त्यांच्या इंग्रजीवरील प्रभुत्वाविषयी कोणीही कधी शंका घेतली नाही. आमच्या गावी अजूनही मुलगा परदेशी जाऊन आला की त्याच्या बोलण्याला अधिक वजन येते. त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात धरावी.

तेलंगांना कामे मिळू लागली ती केवळ इंग्रजीच्या बळावर नव्हे. त्याचे कारण फार निराळे आणि फार मनोरंजक आहे. इंग्रजी राज्याच्या आरंभापासून हिंदू धर्मशास्त्राचा प्रश्न आला की न्यायाधीश कोर्टात नेमलेल्या शास्त्र्यांना विचारीत. वारस कोण, दत्तक ग्राह्य की अग्राह्य, विधवेचा हक्क किती, या प्रश्नांवर शास्त्रीबुवांनी व्यवस्था द्यावी आणि साहेबाने तीनुसार निकाल करावा, असा रिवाज होता. १८६४ साली सरकारने हे पद कायद्याने मोडून टाकले. प्रश्न मात्र पूर्वीसारखेच येत राहिले. शास्त्री गेले, आणि त्यांच्या जागी राहिली ती कोलब्रुकने १८१० साली केलेली मिताक्षरेच्या दायभागाची इंग्रजी प्रत व बोराडेलने १८२७ साली केलेले व्यवहारमयूखाचे भाषांतर. बॅरिस्टर त्या भाषांतरांवर भांडत. मूळ संस्कृतात काय आहे हे सांगणारा मनुष्य कोर्टात उरला नव्हता. त्या रिकाम्या जागेत हा बावीस वर्षांचा तरुण येऊन उभा राहिला. याज्ञवल्क्य, मिताक्षरा, मयूख यांची पोथी एका हाती आणि इंग्लंडच्या न्यायालयांचे निर्णय दुसऱ्या हाती, अशी त्याची तयारी होती. भाषांतरातील शब्द मूळ वचनाशी जुळत नाही, असे न्यायासनासमोर उभे राहून दाखविण्याचे सामर्थ्य युरोपियन बॅरिस्टरांपाशी असणे शक्यच नव्हते. त्यामुळे मूळ शाखेतील सॉलिसिटर हिंदू कायद्याचा मुद्दा निघाला की तेलंगांकडे वळू लागले, आणि अपिलातही त्यांना बोलावणे येऊ लागले. अपील शाखेत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे बडे वकील होते. त्यांनी १८८० साली मयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांची जी भाषांतरासह आवृत्ती काढली, ती याच गरजेतून निर्माण झाली. या दोघांच्या कामाची जात एकच होती.

अपिलाचे काम कसे असते, हे ज्यांना घरी भोगावे लागलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. खालच्या कोर्टात साक्षीदार येतात, शपथा होतात, पंचनामे वाचले जातात आणि खोटेखऱ्याचा धुरळा उडतो. अपिलात साक्षीदार नसतो. तेथे फक्त कागद असतात. जिल्ह्याच्या कोर्टातील मराठी, गुजराती, कानडी कागदांची इंग्रजी भाषांतरे आणि खालच्या न्यायाधीशाचे निकालपत्र एवढ्यांवर भांडावयाचे असते. दुसऱ्या अपिलात तर वस्तुस्थितीला हात लावता येत नाही. खालच्या कोर्टाने कायदा चुकविला काय, एवढाच प्रश्न. ज्याला एका ओळीचा अर्थ तासभर शांतपणे उलगडून दाखविता येतो, त्याचे हे काम. तेलंगांचा स्वभाव या कामाला जन्मजात अनुकूल होता. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने रामायण होमरच्या काव्यावरून बेतले असावे असा तर्क केला, तेव्हा १८७३ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी त्यास उत्तर दिले. ते उत्तर वाचताना अपिलातील युक्तिवादच वाचतो आहोत असे वाटते. प्रतिपक्षाचा एकेक पुरावा घ्यावा, तो कितपत टिकतो हे पाहावे, आवाज न चढविता खाली ठेवावा आणि पुढचा घ्यावा. १८७५ साली त्यांनी गीता इंग्रजी पद्यात उतरविली, आणि पुढे मॅक्समुल्लर यांच्या प्राच्य धर्मग्रंथमालेसाठी गद्यात. ती १८८२ साली सनत्सुजातीय व अनुगीता यांच्यासह प्रसिद्ध झाली. १८८४ साली मुद्राराक्षसाची संशोधित आवृत्ती निघाली. हे सर्व कोर्टाचे काम संपवून रात्री. हल्ली काही वकील मंडळी वेळ नाही म्हणून आपल्या संस्थेच्या सभेसही येत नाहीत!

धंद्याचा जम बसल्यावर सरकारी नोकरीचे बोलावणे आले. त्यांनी ते नाकारले. मधल्या काळात इतर मानही आले. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे ते सभासद झाले व सी. आय. ई. हा किताब मिळाला. १८८४ साली मुंबईच्या कायदेमंडळात नेमणूक झाली. व्हाइसरॉयच्या मंडळातील जागा मात्र त्यांनी घेतली नाही. १८८५ साली मेहतांच्या साहाय्याने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रसभा भरली तीत भाग घेतला. या गोष्टी सर्वत्र छापलेल्या आहेत. त्यात अधिक भर घालण्यासारखे आमच्यापाशी काही नाही.

परंतु १८८५ सालचा एक खटला आम्ही सविस्तर सांगणार. तो रखमाबाईंचा.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले होते. लग्नानंतर ती आईकडे व सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याकडे वाढली, शिकली आणि मोठी झाली. पतीच्या घरी ती नांदावयास गेली नव्हती. १८८४ साली दादाजींनी तिला आपल्या ताब्यात मिळावे म्हणून हायकोर्टाच्या मूळ शाखेत दावा लावला. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. बालपणी आपल्या संमतीविना झालेल्या लग्नाने आपल्यावर अशी सक्ती होऊ नये, हे तिचे म्हणणे होते. तिच्या बाजूने जे कायदेपंडित उभे राहिले त्यांत युरोपियन बॅरिस्टरांच्या जोडीला काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते.

येथे त्यांचे दोन्ही हातांचे शास्त्र एकत्र आले. त्यांच्या बाजूचा एक प्रमुख मुद्दा असा की, पत्नीला पतीकडे जाण्यास न्यायालयाने भाग पाडावे अशा स्वरूपाचा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच. धर्मशास्त्र पतिपत्नींची कर्तव्ये सांगते, पण ते कर्तव्य सरकारी हुकमाने व तुरुंगाच्या भीतीने पार पाडून घ्यावे असे सांगत नाही. हा दावा इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांतून आलेला आहे. गंमत अशी की, असा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात घालण्याची शिक्षा इंग्लंडने स्वतःच्या देशात १८८४ साली कायद्याने रद्द केली. जी शिक्षा विलायतेत गेली, ती येथे हिंदू धर्माच्या नावाने मागितली जात होती!

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरविला व दावा पुन्हा चालविण्यास पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी महिन्याभरात पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. साऱ्या देशात व विलायतेतही गहजब झाला. आपल्याकडील कित्येक वर्तमानपत्रांनी दादाजींची बाजू उचलून धरली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली, आणि १९५५ साली त्या वारल्या.

म्हणजे पहिला निकाल सोडला तर तेलंगांची बाजू हरली. वकिलाच्या चरित्रात हरलेल्या खटल्यास एवढी जागा का, असे कोणी विचारील. आम्हांला त्यांच्या जिंकलेल्या खटल्यांपैकी एकही तोंडपाठ नाही, आणि हा आहे. अशीही कामे असतात की जी हरूनसुद्धा वकिलाने चालविली याबद्दल पुढच्या पिढ्या त्याचे नाव काढतात.

आता एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते, पण ती गाळली तर हे चरित्र न राहता स्तुतिपाठ होईल. १८८६ साली, रखमाबाईंचे अपील चालू असलेल्याच वर्षी, तेलंगांनी राजकीय सुधारणेपूर्वी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, या विषयावर इंग्रजीत व्याख्यान दिले. जेथे विरोध कमी तेथून आधी चालावे, असा त्यांचा कल होता. सामाजिक बाबतीत तडजोड कितपत करावी यावरही ते मराठीत बोलले. आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात, घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे मान तुकवून, त्यांनी स्वतःच्या कन्येचा विवाह अगदी कोवळ्या वयात करून दिला. सुधारकांना याचे अतिशय दुःख झाले व त्यांनी ते उघडपणे बोलून दाखविले. ज्याने कोर्टात बालविवाहाच्या जाचातून दुसऱ्याच्या मुलीला सोडविण्यासाठी बुद्धी पणाला लावली, त्याला आपल्या माजघरात तसे करता आले नाही.

आम्ही त्यांना दोष देण्याच्या अधिकाराचे नाही. माजघरात काय बोलले जाते, ज्ञातीत काय म्हणतील ही एकच ओळ किती वेळा उच्चारली जाते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. त्या घरातील वडीलधाऱ्यांत आणि आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांत फारसा फरक नसावा. पण ती मुलगी त्या वेळी काय म्हणाली असेल, याची कोठेच नोंद नाही, आणि आम्हांला तेच टोचत राहते.

१८८९ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्यानंतर तेलंगांना न्यायासनावर बसण्याचे बोलावणे आले. या वेळी त्यांनी होकार दिला. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. ज्या कोर्टात ब्रीफसाठी सॉलिसिटरांच्या तोंडाकडे पाहावे लागे, त्याच कोर्टात सतरा वर्षांनी सॉलिसिटर व बॅरिस्टर त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. हिंदू कायद्यावरील त्यांची निकालपत्रे प्रमाण मानली जातात. स्त्रीधनाच्या वारसाविषयी मयूखाचा अर्थ लावणारे त्यांचे विवेचन वकील मंडळी अजून काढून पाहतात, असे आमच्या भाच्याने, जो स्वतः वकिली करतो, आम्हांस सांगितले.

आणि याच भाच्याने, आम्ही हा लेख लिहितो आहोत हे समजल्यावर, एका जाड पुस्तकाची छायाप्रत आणून दिली. ती मुंबईच्या लॉ रिपोर्टांचा सोळावा खंड, १८९२ चा. त्यात आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा फुल बेंचचा निकाल आहे. प्रश्न असा होता. समजा एका माणसाचे त्याच्या भावांशी एकत्र कुटुंब आहे. त्या माणसाच्या मुलाला वडिलोपार्जित मिळकतीतील आपला वाटा वेगळा करून हवा आहे. बाप म्हणतो, मी भावांपासून वेगळा होणार नाही. तर मुलाला बापाच्या इच्छेविरुद्ध वाटणी मागता येईल काय? बहुमताने न्यायाधीश म्हणाले, मागता येणार नाही. तेलंगांनी एकट्याने विरुद्ध मत लिहिले. पितामहाच्या मिळकतीत पुत्राला जन्मतःच पित्याच्या बरोबरीने हक्क आहे, पित्याची इच्छा नसली तरी पुत्राच्या इच्छेने अशा मिळकतीची वाटणी होते, हे मिताक्षरेचे सांगणे आहे, आणि बाप भावांत एकत्र असेल तर ते लागू नाही असा अपवाद मूळ ग्रंथात कोठेच नाही, असा त्यांच्या मताचा सारांश.

हे वाचताना आमचे हात थांबले. कारण १९६८ साली, आम्ही दहा वर्षांचे असताना, कागदांचे बोचके काखोटीस मारून वडिलांच्या मागोमाग तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो, तो दावा नेमका हाच. आमचे आजोबा व त्यांचे धाकटे बंधू एकत्र होते. कारभार धाकट्या आजोबांच्या हाती. आमच्या वडिलांना आपला वाटा घेऊन मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड करावयाचे होते. आजोबा भावाचे मन मोडावयास तयार नव्हते. माझ्या हयातीत चूल वेगळी होणार नाही, एवढेच ते म्हणत आणि जपास बसत. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की, मुंबई इलाख्यात हा दावा चालत नाही, दुसरीकडे असता तर चालला असता. तरीही वडिलांनी तो लावला आणि तो फेटाळला गेला. आजोबा १९७९ साली निवर्तले, तेव्हा वाटणी झाली. तोवर बागेतली कलमे वठली होती, घराची मागली पडवी बसली होती, आणि थोरल्या बहिणीचे शिकण्याचे वय सरले होते. ती अत्यंत हुशार होती. सातवीनंतर तिला शाळा नाही.

इतकी वर्षे आम्ही समजत होतो की, शास्त्रच आमच्या वडिलांच्या विरुद्ध होते. शास्त्र त्यांच्या बाजूचे आहे असे एका न्यायाधीशाने पाऊणशे वर्षांपूर्वी सविस्तर लिहून ठेवले होते, व तो आपल्याच ज्ञातीतला, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

विरुद्ध मताने त्या दिवशीचा निकाल बदलत नाही. तो मुंबईपुरता बहुमताचाच राहिला. परंतु १८९५ साली मद्रासच्या हायकोर्टापुढे हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी मुंबईच्या बहुमताऐवजी तेलंगांचे मत ग्राह्य धरले. आमच्या वकिलांनी दुसरीकडे म्हटले होते ते याच अर्थाने. हे पाहावयास तेलंग हयात नव्हते.

१८९२ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले व त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष. दोन्ही पदांवर तोवर एकही हिंदी मनुष्य बसलेला नव्हता. मराठ्यांच्या बखरींतून समाजस्थितीचे कण वेचणारा त्यांचा निबंधही याच सुमाराचा. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथास तो जोडला आहे. दिवसा न्यायासन, सायंकाळी विद्यापीठ, रात्री पोथ्या व बखरी. शरीराने किती सोसावे? १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळीसावे वर्ष पुरे होऊन दोनच दिवस झाले असता, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांना वाचावयास व विचार करावयास शिकविणारे मामा परमानंद यांचाही त्याच वर्षी अंत झाला. न्यायासनावरील तेलंगांच्या रिकाम्या जागी रानडे यांची नेमणूक झाली.

भाच्याने आणलेली ती छायाप्रत आम्ही थोरल्या बहिणीस वाचून दाखविली. इंग्रजीचे मराठी करीत करीत दोन दुपारी गेल्या. तिला आता नीट दिसत नाही. सर्व ऐकून झाल्यावर तिने विचारले की, या न्यायाधीशाला मुली होत्या काय. आम्ही होत्या म्हणून सांगितले, आणि त्या लग्नाची हकीकतही सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ते कागद मागून घेतले, नीट घडी केली, आणि वडिलांच्या दाव्याचे जुने कागद ज्या पत्र्याच्या पेटीत आहेत त्या पेटीत ठेवावयास सांगितले.